हेमलेखा पाणी का पीत नव्हती

विहीणबाई, तुमची बाटली आमच्याकडंच राहिली आहे.

तीच, स्टीलची, निळ्या टोपणाची, बुडाला पोचा आलेली. स्वयंपाकघरात ओट्यावर खिडकीशी ठेवली आहे. आमच्या हिनं, कुसुमनं, ती दोनदा घासून पालथी घातली आणि दोन्ही वेळा मी ती सुलटी करून ठेवली. "पालथी बरी दिसत नाही," मी म्हणालो. "बाटलीला काय करायचंय बरं दिसून?" ती म्हणाली.

तुमच्या दहाव्याला लोक तुमच्याबद्दल खूप छान बोलले. शाळेतल्या जुन्या मुली आल्या होत्या, आता त्यांचेच केस पिकलेत. मुख्याध्यापिका म्हणून तुमची शिस्त, तुमचं अक्षर, तुमचा मोठा आवाज, सगळं निघालं. सगळं खरंच होतं. मग कुणीतरी रविवारच्या आपल्या बैठकीची आठवण काढली आणि तुमची लेक, आमची वैशाली, डोळे पुसता पुसता हसली. म्हणाली, "आईला त्या मालिकेतलं काही कळायचं नाही हो. माझ्यासाठी यायची बिचारी. बाबा सांगायचे आणि ती मान डोलवायची."

सगळे मायेनं हसले. आमच्या शेजारचे रशीदभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हौ, आपले प्रधानजी तो प्रधानजी है."

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, म्हातारा रडतोय. मी रडत नव्हतो, विहीणबाई. मला लाज वाटत होती. त्या घटकेला मला कळलं, की तुम्ही गेलात ते तुमच्या लेकीच्या नजरेत भाबड्या राहून, आणि तसं मी होऊ दिलं. म्हणून हे लिहितो आहे. तुम्हाला यातलं बरंचसं ठाऊक आहे. तरी चारचौघांत सांगायच्या आधी तुम्हाला सांगावं, असं वाटलं.

आपली पहिली भेट गोड नव्हती. आमच्या महेशच्या आणि वैशालीच्या लग्नात माझ्या थोरल्या चुलत्यांना फेटा बांधायचा राहून गेला, आणि मी जानवसघरात रुसून बसलो. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस मी. आयुष्यभर साहेबांचे रुसवे काढले होते. एक दिवस आपला रुसवा कुणी काढावा, ही हौस त्या दिवशी भागवून घेतली. तुम्ही स्वतः ताटात फेटा घेऊन आलात. पतीमागं एकटीनं लेकीचं लग्न उभं केलेली बाई, माझ्यासमोर हात जोडून म्हणालात, "चुकलं आमचं, व्याहीबुवा." नंतर कळलं, फेटे बांधायच्या वेळी आमचे चुलते कोपऱ्यावर पान खायला गेले होते. मी ते कुणाला सांगितलं नाही. मुलीकडच्यांनी नमायचं आणि मुलाकडच्यांनी ते मान हलवून स्वीकारायचं, हे आपल्यात कुणी शिकवावं लागत नाही. मी ते फार लवकर शिकलो होतो.

लग्नानंतर पहिल्यांदा घरी आलात तेव्हा कुसुमनं पाण्याचा पेला पुढं केला. तुम्ही पेल्याला हात लावून नमस्कार केलात आणि पिशवीतून ही बाटली काढलीत.

"लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणतात," तुम्ही म्हणालात.

"तुम्ही मुख्याध्यापिका, आणि हे असलं मानता?" मी विचारलं.

"मी नाही मानत. माझी आई मानायची. तिचं मोडवत नाही."

"मग चहा तरी?"

"चहात पाणीच असतं, व्याहीबुवा."

ते दिवस दुष्काळाचे होते. धरणाचा मृतसाठा किती उरला हे पेपरात पहिल्या पानावर यायचं आणि लोक ते क्रिकेटच्या धावांसारखं एकमेकांना विचारायचे. पुंडलिकनगरात नळ आठवड्यानं यायचा, कधी त्याहून उशिरा. घराघरांत माणसांपेक्षा पिंपं जास्त. आमच्या गॅलरीसमोर तिमजली इमारत उठत होती. तिच्या सिमेंटवर रोज पाणी मारलेलं दिसायचं आणि खाली आमच्या बायका भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना घालायच्या. अशा दिवसांत तुम्ही औरंगपुऱ्यातून रिक्षात बसून दर रविवारी संध्याकाळी यायच्या, स्वतःचं पाणी स्वतः घेऊन. सगळ्या गल्लीत एवढा आदर्श पाहुणा दुसरा नव्हता. खालच्या मजल्यावरच्या सोनवणेकाकू म्हणायच्या, "आमच्या इहिणीला शिकवा की जरा. ती येते आन् आंघोळ करून जाते!"

यायचं कारण लेक हे खरंच. पण दुसरं कारण ‘वज्रकोट’ होतं, हे मला तरी ठाऊक आहे. तुमच्या घरी तुमचा धाकटा मुलगा क्रिकेट लावून बसायचा. आमच्याकडं महेशनं मोठा टीव्ही घेतला होता आणि रविवारी सात वाजता सगळं घर त्या सात किल्ल्यांच्या राज्यात जाऊन बसायचं.

आता हसू येतं. काय नव्हतं त्या मालिकेत! पंख फुटलेले शरभ, बोलणाऱ्या मशाली, आंधळा ज्योतिषी. पण आपल्याला शरभांशी घेणंदेणं नव्हतं. आपल्याला कारस्थानं हवी असायची. तरुण राजा सुवीरसेन, त्याची नवी राणी रत्नप्रभा, लांब दाढीचा प्रधान भैरवगुप्त, राजाचा सावत्र भाऊ. आणि सगळ्या हंगामात एकच कोडं: वज्रकोटाला फितूर कोण? पहारेकरी पेंगायला लागले होते, सैनिकांच्या हातून भाले गळत होते, शत्रू उत्तरेच्या दरवाजाबाहेर तळ देऊन बसला होता, आणि आतलं कुणीतरी त्याला सामील होतं.

भाग संपला की खरी मालिका आमच्या बैठकीत सुरू व्हायची. रशीदभाईंचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. दुष्काळात त्यांना जेवायला फुरसत नसायची, पण रविवारी सातला शटर खाली.

"अरे कायकू प्रधान के पीछे पडे तुम?" ते मला म्हणायचे. "सिपाही अंदर सो रहे ना? तो गडबड अंदर है. वो सौतेला भाईच है."

"मला तर राणीच वाटायली बाई," सोनवणेकाकू. "तिचे डोळेच सांगायलेत ना! नवऱ्याकडं बघती का कधी सरळ?"

"काकू, मग निम्मी गल्ली फितूर निघेल," महेश म्हणायचा, आणि काकू त्याला उशी फेकून मारायच्या.

मी भैरवगुप्ताच्या मागं हात धुऊन लागलो होतो. "तीस वर्षांहून जास्त कचेरीत काढली आहेत," मी म्हणायचो. "जो साहेबासमोर सगळ्यात वाकून उभा राहतो, तोच फाइल गायब करतो. प्रधान. लिहून घ्या."

मग कुणीतरी तुम्हाला विचारायचं. तुम्ही दाराजवळच्या खुर्चीत, बाटली मांडीवर, पदर सावरून बसलेल्या. "मला काय कळतंय? व्याही म्हणतात तसंच असेल," तुम्ही म्हणायच्या. वर्गात तुमच्या नुसत्या खाकरण्यानं पोरी चिडीचूप व्हायच्या, असं वैशाली सांगायची. माझा त्यावर विश्वास बसायचा नाही.

आता मुद्द्याचं.

शेवटच्या भागाच्या आदल्या रविवारची गोष्ट. सगळे गेल्यावर मी तुम्हाला रिक्षात बसवून द्यायला कोपऱ्यापर्यंत आलो. रिक्षा मिळेना. टँकर आला होता, गल्लीचं तोंड अडलं होतं. आपण चिंचेखाली उभे राहिलो. समोर घागरी खणखणत होत्या. तुम्ही अचानक म्हणालात, "तुमचा प्रधान नाही हो तो."

"मग कोण?"

"हेमलेखा."

मला नावच आठवेना. "ती कोण?"

"राणीची आई."

मी हसलो. ती बाई सगळ्या मालिकेत कोपऱ्यात उभी असायची. मेजवानीत मागं, दरबारात खांबाआड. जावयासमोर मान खाली. तिच्या वाट्याला चार वाक्यं आली असतील.

"मुलीची आई गप्पच असायची," मी म्हणालो.

"गप्प असते, पण इतकी? आणि एक बघा. त्या बाईनं जावयाच्या वाड्यात पाण्याचा घोट घेतलेला नाही. मी पहिल्यापासून बघतेय. पेला येतो, ती हात लावते आणि ठेवून देते."

"मग बरोबरच आहे की. लेकीच्या घरचं पाणी—"

"तिथंच तर सगळे फसलेत!" तुमचा आवाज एकदम वर्गातला झाला. मी खरंच दचकलो. "तुम्ही, काकू, रशीदभाई, सगळ्यांनी ते पाहिलंय आणि कुणालाच वावगं वाटलं नाही. कारण आपल्यात रीत आहे. पण त्या राज्यात कुठाय ती रीत? रत्नप्रभाचा बाप आला होता सुरुवातीला, आठवतं? तो तर घटाघटा प्याला. आपल्यात बापही पीत नाही. मग तिथं बापाला रीत नाही आणि आईलाच कुठून आली? रीत नव्हे ती, व्याहीबुवा. त्या हौदात काय आहे ते तिला ठाऊक आहे. पहारेकरी उगीच पेंगत नाहीत."

टँकरचं पाणी पिंपात पडत होतं आणि मी त्या धारेकडं बघत उभा होतो.

"सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्ही प्रधानावर अडून बसलात. तुमच्याच घरात तुम्हाला खोटं कशाला पाडायचं? लेक नांदतेय तिथं माझी."

रिक्षा आली. तुम्ही गेलात.

ते गुपित तुम्ही माझा मान राखायला माझ्यापाशी ठेवलंत, आणि मी त्याचं काय केलं ते आता सांगतो.

शेवटच्या भागाला अख्खी गल्ली आमच्याकडं लोटली. गणपती मंडळाच्या खुर्च्या आणल्या, दोन कूलर लावले. कूलरमध्ये घालायला पाणी कुणाच्या पिंपातलं, यावरून आधी दहा मिनिटं भांडण झालं. सात वाजायला थोडा वेळ होता. कोण फितूर यावर शेवटचा कौल घ्यायचं ठरलं. भावाला रशीदभाईंचं मत, राणीला काकूंचं. "बाबांचं काय, प्रधान!" महेश म्हणाला आणि सगळे हसले.

मी उठून उभा राहिलो. एवढी माणसं माझ्याकडं बघत होती. तुम्ही दाराजवळ होता. मी म्हणालो, "माझं मत बदललंय. हेमलेखा. राणीची आई. तिनं या वाड्यात कधी पाणी प्यायलेलं नाही." आणि मग तुमचं सगळंच बोललो. रीत, बाप, हौद, पहारेकरी. शब्दसुद्धा तुमचेच.

रशीदभाई म्हणाले, "दिमाग फिर गया इनका." बाकीचे हसत होते. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही बाटलीकडं बघत होता.

मग भाग सुरू झाला. शेवटाकडं हेमलेखा एकटी हौदाच्या पायऱ्या उतरली, कमरेचा कुंभ काढला आणि पाण्यात रिता केला. महिनोन्महिने थोडं थोडं घालत आलेलं विष तिनं एकदम ओतलं. चंद्रप्रकाशात तो एवढा मोठा हौद काळा पडत गेला. आणि विहीणबाई, तुम्हाला आठवत असेल, पुढच्या क्षणी राजा पडला, शत्रू आत घुसला, पण आमच्या बैठकीत राजासाठी कुणी हळहळलं नाही. सोनवणेकाकू छातीवर हात मारून ओरडल्या, "अगं बाई, केवढं पाणी नासवलं मेलीनं!" सगळ्यांच्या तोंडून हाय निघाली. त्या उन्हाळ्यात तेवढा भरलेला हौद कुणी पाहिला नव्हता.

मग सगळ्यांना एकदम माझी आठवण झाली. आरडाओरडा झाला. रशीदभाईंनी मला उचलायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचीच कंबर धरली. "मान गये प्रधानजी!" ते कळवळत म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शहागंजातून इम्रतीच्या मिठाईचा खोका आणला. त्या दिवसापासून मी गल्लीचा प्रधानजी झालो. अजून आहे. नगरसेवक कोण निवडून येणार इथपासून पोरींची स्थळं कशी आहेत इथपर्यंत लोक मला विचारायला येतात. "प्रधानजींची नजर लई बारीक" म्हणतात.

त्या गोंधळात वैशालीनं तुम्हाला विचारलं, "आई, तुला काय वाटलं होतं?"

मी ऐकलं. मला तेव्हा तोंड उघडता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

"मी काय, व्याही म्हणतील तसं," तुम्ही म्हणालात.

"शीक जरा बाबांकडून!" वैशाली हसत म्हणाली. आणि तुम्ही निळं टोपण फिरवलंत, एक घोट घेतलात, आणि टोपण लावता लावता माझ्याकडं पाहिलंत. रागानं नाही. दंगा करणाऱ्या पोरीला बाकावर उभं करायच्या आधी तुम्ही असंच बघत असाल.

मला वाटलं, आता तुम्ही यायचं बंद कराल. पुढच्या रविवारी सातला घंटा वाजली. दारात तुम्ही. बाटली उंच धरलेली, जशी आरतीत पंचारती धरावी. "पाणी आणलंय हो, व्याहीबुवा!"

घर हसलं. दुष्काळातला विनोद म्हणून हसलं. मी एकटाच घामाघूम झालो.

पुढं वर्षानुवर्षं दर रविवारी दारातून तेच वाक्य आलं. मधे पाऊस बरा झाला, धरण भरलं, परत आटलं. समोरच्या इमारतीत माणसं राहायला आली आणि त्यांचाही नळ आठवड्यानं यायला लागला. औरंगपुऱ्यातला तुमचा रस्ता रुंद झाला, रिक्षाचं भाडं वाढलं. वाक्य बदललं नाही. आणि त्या वाक्याच्या जोरावर तुम्ही आमच्या घरावर जे राज्य केलंत, त्यापुढं सात किल्ले काहीच नव्हेत.

वैशालीला जालना रोडवरच्या एका ऑफिसात नोकरी चालून आली होती. तुम्ही जेवणाच्या टेबलाशी बसून सहज म्हणालात, "तुमची परवानगी असली तर." मी ‘घरात काय कमी आहे’ म्हणायला तोंड उघडलं. तुम्ही बाटली पुढ्यात घेतलीत. टोपणाला अर्धा वळसा दिलात. "त्या मालिकेतली हेमलेखा आठवते का हो? फार आवडायची मला."

"करू दे की नोकरी," मी म्हणालो. "मी कुठं नाही म्हणतोय?"

कुसुमनं माझ्याकडं असं पाहिलं जसं माझ्या अंगात आलंय.

नात झाली तेव्हा तिचं नाव आमच्या कुलदैवतावरून ठेवायचं ठरलं होतं. अर्धा वळसा. नाव मुक्ता ठेवलं. कुसुमला जन्मात समुद्र पाहायला मिळाला नव्हता. तुम्ही दोघी विहिणी कोकणात जायला निघालात तेव्हा मी माझ्या जेवणाचं काय, असं विचारलं. त्या वेळी टोपण पुरतं निघालं. तुम्ही चार दिवस वाळूत शिंपले वेचलेत आणि मी खिचडी करायला शिकलो. कुसुम आली ती उन्हानं रापलेली आणि इतकी हसत, की मला माझ्याच बायकोची ओळख पटेना. त्याबद्दल तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो.

मला सांगा विहीणबाई, कारस्थानी कोण होतं? मी एकदा चोरी केली. तुम्ही तिच्या जोरावर इतकी वर्षं कारभार केलात, आणि प्रत्येक हुकूम माझ्या तोंडून, माझ्याच मोठेपणाच्या नावानं निघाला. ‘बाबा किती पुढारलेले आहेत’ असं वैशाली मैत्रिणींना सांगते. मला तुमचा खरंच राग यायचा कधीकधी. आणि रविवारी साडेसहा वाजले की मी उगीच गॅलरीत जाऊन रिक्षा बघत उभा राहायचो.

एक वाद मात्र आपला मिटला नाही. मी म्हणायचो, हेमलेखेला माफी नाही. माणूस मारावा, लढाईत मारतातच. पण पाणी नासवायचं? तुम्ही म्हणायच्या, "लेकीला सोडवायचं होतं तिला त्या वाड्यातून. राजा रत्नप्रभाशी कसा वागायचा ते विसरलात?"

"म्हणून गावाचं पाणी?"

"तिला दुसरं काय होतं हातात? तलवार? दरबारात बोलायची सोय? खांबाआड उभं केलेल्या बाईनं करायचं काय?"

"बोलायचं. मुलीला तरी सांगायचं."

"मुलीला सांगितलं तर मुलगी नांदेल कशी?"

दुसरा हंगाम येणार, त्यात काय ते कळेल, असं आपण म्हणायचो. तो कधी आलाच नाही. मी अजूनही म्हणतो, पाणी नासवायला नको होतं. तुम्ही यावर काय म्हणाला असता ते मला ऐकू येतं, तरी म्हणतो.

शेवटच्या रविवारी तुम्ही बाटली विसरून गेलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच मला कळायला हवं होतं. दोन दिवसांनी तुम्हाला बरं नाही असं कळलं, म्हणून मी बाटली घेऊन औरंगपुऱ्यात आलो. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होता, आवाज खोल गेलेला. "व्याहीबुवांना पाणी दे रे," तुम्ही धाकट्याला म्हणालात. मी पेला रिकामा केला. तुमच्या घरचं पाणी मी असं किती वेळा प्यालो असेन. मुलाकडच्यांना सगळीकडचं चालतं.

मी बाटली पुढं केली. "राहू द्या तुमच्याकडंच," तुम्ही म्हणालात. "रविवारी लागेल."

मग मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हणालो, "नातवंड झालं की ती रीत सुटते, मुक्ता झाली तेव्हाच सुटली होती ना? मग आमच्याकडचं पाणी का नाही घेतलंत कधी?"

तुम्ही हसलात. "वैशाली म्हणाली, कुसुमताई म्हणाल्या. तुम्ही कुठं म्हणालात? आग्रह करायचा असतो हो, व्याहीबुवा."

मी चाचरलो. म्हणालो, "त्या हेमलेखेचं वैशालीला सांगून टाकू का?"

"नको," तुम्ही डोळे मिटून म्हणालात. "माझं राज्य जाईल."

तेच तुम्ही मला म्हटलेलं शेवटचं वाक्य. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

परवा मी वैशालीला सांगितलं. तुमचा शब्द मोडला. पण राज्य आता कुणासाठी राखायचं? ती ओट्याशी पोळ्या लाटत होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि चिंचेखालच्या संध्याकाळपासून सगळं सांगितलं. फेट्याचंही सांगितलं. तिचं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपली, तरी ती हलली नाही.

"म्हणजे ते आईनं ओळखलं होतं?"

"आईनंच."

"आणि मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले, बाबांकडून शीक."

"हो."

"आणि तुम्ही ऐकत होतात."

"हो."

तिनं गॅस बंद केला आणि ती माझ्याकडं वळली. मी एवढा घाबरलेला मला आठवत नाही, साहेबासमोरही नाही. मग तिनं विचारलं, "पण मग दर रविवारी दारात ते ‘पाणी आणलंय हो’..."

"ते मला होतं."

"माझी नोकरी?"

"अर्धा वळसा."

"मुक्ताचं नाव?"

मी मान डोलावली. आणि विहीणबाई, तुमची लेक हसायला लागली. आधी हळू, मग ओट्याला धरून, मग खाली फरशीवर बसून. हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता परत हसली. "काय बाई होती!" म्हणाली. "काय बाई होती ही!" पिठाच्या हातानं तिनं डोळे पुसले, सगळं तोंड पांढरं झालं. तुमच्याबद्दल बोलताना तिच्या चेहऱ्यावर मी इतकी वर्षं माया पाहिली होती. त्या दिवशी अभिमान पाहिला. तो इतका उशिरा यावा, हे माझं पाप.

हसणं संपलं तशी ती उठली. खिडकीतली बाटली घेतली, माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसली. मग निळ्या टोपणाला अर्धा वळसा दिला.

"बाबा," ती म्हणाली, "एक मागणं होतं."

तोच आवाज, विहीणबाई. डिट्टो तोच.

"हे सगळ्यांसमोर सांगायचं. रशीदचाचा, काकू, सगळी गल्ली. रविवारी सातला. खुर्च्या मी मागवते."

"सांगतो की," मी म्हणालो. "मी कुठं नाही म्हणतोय?"

म्हणून हे लिहून काढलं. तोंडी सांगायला गेलो तर मधेच स्वतःला सावरून घेईन, सवय आहे. आज रविवार. खुर्च्या आल्या आहेत. रशीदभाईंना कसला कार्यक्रम ते माहीत नाही; प्रधानजी बोलणार म्हणून ते शहागंजातून इम्रती घेऊन निघालेत. ती आज तुमच्या नावाची आहे, हे त्यांना इथं आल्यावर कळेल. दाराजवळची तुमची खुर्ची वैशालीनं उचलून टीव्हीसमोर, मधोमध ठेवली.

तिच्यावर बाटली मी ठेवली. स्वतः घासली आणि स्वतः भरली. सकाळीच नळ आला होता, पाणी ताजं आहे.

घ्या, विहीणबाई. आमच्या घरचं आहे. माझा आग्रह आहे.